सह्याद्रीतल्या मुक्कामासाठी चाकू, कोयता आणि छोटी कुऱ्हाड: काय घ्यायचं, काय सोडायचं

पहिल्यांदाच तंबू घेऊन मुक्कामाला निघालेला माणूस बहुतेक वेळा गरजेपेक्षा मोठा चाकू विकत घेतो. पाठीवर करवतीसारखे दाते, पोकळ मुठीत होकायंत्र, मांडीला बांधायचं काळं म्यान, असा सगळा थाट असतो. हा चाकू कांदा चिरत नाही, फोडतो. दोरीवर अडतो. आणि लाकडावर जोरात मारला की मूठ जिथे सुरू होते तिथेच तुटतो, कारण पातं पोकळ मुठीत जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर गेलेलं असतं. हत्यार निवडताना आधी जागा, मग काम आणि शेवटी दुकान, हा क्रम पाळला तर पैसे आणि बोटं दोन्ही वाचतात.

पायरी १: कुठे जाणार ते आधी बघा

हा मुद्दा बहुतेक लेखांत शेवटी येतो. आपल्याकडे तो पहिलाच हवा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत चाकूही येतो आणि मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना (म्हणजे वासोटाही), राधानगरी ही सगळी अभयारण्यं आहेत. तिथे जाताना चाकू घरी ठेवा. भाजी चिरून डब्यात न्या, पाकिटं हाताने फाडता येतील अशी घ्या, तंबूच्या दोऱ्या घरीच मापाने कापून टोकं मेणबत्तीवर वितळवून घ्या. पाचनई किंवा खिरेश्वरसारख्या गावात जेवणाची सोय होते, तिथे चुलीचा आणि सुरीचा प्रश्नच उरत नाही.

अभयारण्याबाहेरच्या राखीव जंगलातही झाड तोडणं आणि विस्तव पेटवणं भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. त्यामुळे कुऱ्हाडीला खरी जागा उरते ती स्वतःच्या शेतात, वाडीत किंवा पवना धरणाकाठी असतात तशा खासगी कॅम्पवर, जिथे मालक विकतचा जळाऊ ओंडका देतो. तुमचे मुक्काम यांपैकी कुठेच नसतील तर पायरी ४ आणि ५ वाचा, पण कुऱ्हाड घेऊ नका.

पायरी २: कामांची यादी करा

दोरी कापणं, भाजी चिरणं, टेप किंवा बँडेज कापणं, बांबूची खुंटी तासणं, विस्तव पेटवायला लाकडाच्या ढलप्या काढणं. एवढी सगळी कामं दहा सेंटिमीटरच्या पात्यात होतात. त्याहून मोठं पातं हवं असतं ते दोनच कामांना: झुडपं, वेली, बांबू तोडायला आणि ओंडका फोडायला. पहिल्याला कोयता, दुसऱ्याला कुऱ्हाड. ‘एकच हत्यार सगळ्याला’ या हिशोबाने घेतलेला २५ सेंटिमीटरचा सुरा ही दोन्ही कामं वाईट करतो आणि भाजी तर त्याहून वाईट चिरतो.

पायरी ३: चाकू निवडणं

पहिला प्रश्न घडीचा की सरळ पात्याचा. सरळ पात्याचा चाकू मजबूत असतो, धुवायला सोपा असतो आणि अंधारात बोटावर मिटत नाही. नवख्याने पहिला चाकू हाच घ्यावा. घडीचा चाकू खिशात मावतो, पण बिजागरीत माती आणि कांद्याचा रस साठतो. घ्यायचाच तर पातं उघडल्यावर कुलूप बसणारा घ्या. कुलूप तपासण्यासाठी पातं पूर्ण उघडा, बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवा आणि पात्याची पाठ एखाद्या मऊ लाकडावर हलकेच आपटा. मिटला तर तो चाकू परत ठेवा.

फ्रान्सचा ओपिनेल हा घडीचा चाकू आपल्याकडे बऱ्याच जणांच्या खिशात दिसतो. त्याच्या ८ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं, मूठ बीच लाकडाची आणि कुलूप म्हणजे फिरवायचं कडं. भाजीला यासारखा चाकू नाही. मात्र जुलैत माळशेज घाटात त्याची मूठ दमट हवेने फुगते आणि पातं खाचेत असं अडकतं की नखाने ओढून निघत नाही. अशा वेळी कडं उघडं ठेवून मुठीचं मागचं टोक दगडावर हलकेच आपटा, पाते थोडं वर येतं. पावसाळ्याआधी मूठ चांगली सुकवून खाचेत आणि बिजागरीपाशी जवसाचं तेल दोन-तीनदा मुरवलं तर हा त्रास बराच कमी होतो.

सरळ पात्याच्या चाकूत ही मापं धरा: पातं ९ ते ११ सेंटिमीटर, जाडी अडीच ते तीन मिलिमीटर. पाच मिलिमीटर जाडीचं पातं हातात दणकट वाटतं, पण ते गाजर कापत नाही, तडकवतं. स्वीडनच्या मोरा कंपनीचा ‘कंपॅनियन’ हा साधा चाकू नवख्यांना सुचवला जातो तो याच मापांमुळे. पातं साधारण १०.४ सेंटिमीटर, स्टेनलेस प्रकारात जाडी अडीच मिलिमीटर. शिवाय त्याच्या धारेचा उतार रुंद आणि सपाट असतो, तो दगडावर आपोआप टेकतो, त्यामुळे पहिल्यांदा धार लावणाऱ्यालाही कोन चुकवणं अवघड जातं. मात्र यात पोलाद मुठीच्या शेवटपर्यंत जात नाही. दगडाने ठोकून लाकूड फोडण्यासाठी तो नाही. ते करायचंच असेल तर पोलाद मुठीच्या पार टोकापर्यंत गेलेला, किमान तीन मिलिमीटर जाडीचा चाकू घ्या आणि ठोकायला दगड नव्हे, मनगटाएवढं लाकूड वापरा.

पोलादाबद्दल फार डोकं शिणवू नका. स्टेनलेस की कार्बन एवढंच ठरवा. कोकणात किंवा पावसाळी भटकंतीला स्टेनलेस, कारण कार्बन पोलाद ओल्या म्यानात एका रात्रीत तांबूस होतं. कार्बन पोलादाला धार पटकन लागते आणि ते स्वस्त असतं, पण वापरानंतर पुसून तेलाचा हात लावायची सवय हवी. लिंबू, कोकम, कांदा यांनी त्यावर निळा-करडा डाग पडतो. तो निरुपद्रवी आहे, घासत बसू नका. तांबडा गंज मात्र लगेच काढा. पाकिटावर १२सी२७, ४२०एचसी, १०९५ असा पोलादाचा क्रमांक असेल तर विक्रेत्याला काहीतरी ठाऊक आहे असं समजा. नुसतं ‘सर्जिकल स्टील’ किंवा ‘जपानी स्टील’ लिहिलं असेल तर ते लेबल आहे, माहिती नव्हे.

मूठ पाहताना हात ओला करून धरा. चारही बोटं मावून थोडी जागा उरली पाहिजे. बोटांसाठी खाचा पाडलेली मूठ फक्त एकाच पकडीत बरी वाटते. तासकाम करताना पकड दर मिनिटाला बदलते, तेव्हा त्याच खाचा तळव्याला फोड आणतात. रंग नारिंगी किंवा लाल घ्या. काळा चाकू गवतात पडला की पायाला लागल्यावरच सापडतो. म्यानात चाकू ठेवून उलटं करा, झटका द्या. पडला नाही तर म्यान बरं.

पायरी ४: कोयता

आपल्या डोंगरात उपयोगाचं मोठं हत्यार कुठलं, याचं उत्तर परदेशी कॅटलॉगात शोधायची गरज नाही. घाणेरीचं झुडूप, वाटेवर आलेली वेल, बांबू, नारळाची झावळी या सगळ्याला कोयत्याइतकं सोयीचं काही नाही आणि चांगल्या लोहाराकडचा कोयता त्या चकचकीत सुऱ्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. फक्त सगळे कोयते एक नसतात. ऊसतोडीचा कोयता पातळ आणि हलका असतो. तो बाभळीच्या वाळक्या फांदीवर मारला की धारेचा तुकडा उडतो. टोकाशी वळलेला कोकणी कोयता फांद्या ओढून तोडायला चांगला. सर्वसाधारण कामाला पातं २५ ते ३० सेंटिमीटर आणि वजन ५०० ते ७०० ग्रॅम पुरे. त्याहून जड घेतला तर वीस मिनिटांत मनगट भरून येतं, मग नेम चुकतो.

आठवडे बाजारात किंवा लोहाराच्या भट्टीवर कोयता घेताना हे तपासा.

आधी विचारा, कशाचा बनवलाय? ट्रकच्या कमानपाट्याचा (स्प्रिंगच्या पट्टीचा) असेल तर उत्तम. त्या पोलादात साधारण अर्धा टक्का किंवा किंचित जास्त कार्बन असतो, म्हणून त्याला पाणी देता येतं, म्हणजे तापवून बुडवून कडक करता येतं. बांधकामाच्या सळईचा किंवा साध्या पट्टीचा कोयता दिसायला सारखाच असतो, पण त्यात कार्बन इतका कमी की तापवून पाण्यात बुडवला तरी तो कडक होत नाही. अशा कोयत्याची धार दुसऱ्याच दिवशी वळते.

मग कानस मागा आणि धारेवर हलक्या हाताने एकदा फिरवा. कानस लोण्यात जावी तशी शिरली तर पाणी दिलेलंच नाही. काचेवरून घसरावी तशी घसरली तर पाणी जास्त झालंय, धार कपच्या सोडेल. थोडा विरोध करत करत बारीक कीस निघाला पाहिजे. ही परीक्षा पात्याच्या मध्यावर आणि टोकाशी, दोन्हीकडे करा. घाईत पाणी दिलेल्या कोयत्याची मधली धार कडक आणि टोक मऊ निघतं.

तिसरं, मुठीला दोन बोटांत सैल धरून पात्यावर नखाने किंवा चावीने टिचकी मारा. लांबणारा स्वच्छ नाद हवा. दबका, फुटका आवाज आला तर एक तर मूठ सैल आहे किंवा पात्यात तडा आहे.

धारेवर निळसर-जांभळे ठिपके दिसले तर लोहाराने शेवटी ग्राइंडरवर पातं जाळलंय. साधारण तीनशे अंशांच्या आसपास पोलादावर निळा रंग चढतो आणि पात्याच्या त्या जागेचा कडकपणा उतरलेला असतो. पाठीकडचा निळा रंग चालेल. धारेवरचा नको.

शेवटी मूठ. पात्याची मागची निमुळती सळी मुठीतून आरपार जाऊन मागे वाकवलेली असावी, पुढच्या तोंडाला लोखंडी कडं असावं. ज्या मुठीत सळी अर्ध्यातच थांबते, ती उन्हाळ्यात लाकूड आकसलं की सैल होते आणि मग जोराच्या घावात पातं समोरच्याच्या अंगावर जातं.

कोकणात कोयता कमरेला आकडीत अडकवतात. त्यात धार उघडी राहते; रोजच्या सरावाने चालणाऱ्याला ते जमतं. पाठीवर सॅक घेऊन घसरड्या वाटेवर उतरणाऱ्याने तसं करू नये. सायकलची जुनी ट्यूब किंवा बागेच्या पाइपचा तुकडा उभा चिरून धारेवर चढवा आणि दोरीने बांधा, कोयता सॅकमध्ये.

पायरी ५: छोटी कुऱ्हाड

हातकुऱ्हाडीचं डोकं ५०० ते ७०० ग्रॅम आणि दांडा ३५ ते ४० सेंटिमीटर हे माप एका हाताला झेपतं. एक गैरसमज इथेच काढून टाकू. छोटी कुऱ्हाड मोठीपेक्षा सुरक्षित नाही. लांब दांड्याची कुऱ्हाड चुकली तर बहुधा जमिनीत रुतते. आखूड दांड्याचा घाव चुकला की तो वळून थेट नडगीवर किंवा गुडघ्यावर येतो. म्हणून हातकुऱ्हाड उभं राहून चालवायची नाही.

दुकानात कुऱ्हाड उलटी धरा, धार डोळ्यासमोर आणि दांडा तुमच्यापासून लांब. धारेची रेघ पुढे वाढवली तर ती दांड्याच्या खालच्या टोकाच्या मधोमध गेली पाहिजे. थोडी बाजूला गेली तर प्रत्येक घाव तिरका बसेल आणि ते पुढे कशानेही सुधारत नाही.

दांड्याच्या खालच्या टोकाला लाकडाच्या वाढीच्या रेषा दिसतात. त्या धारेला समांतर हव्यात, म्हणजे धार जशी उभी तशा त्या उभ्या. आडव्या असतील तर दांडा तडकणार. दांड्याच्या बाजूने जाणाऱ्या रेषाही वरपासून खालपर्यंत सलग गेल्या पाहिजेत. मध्येच बाहेर पडणारी रेष ही तुटायची जागा. लाकूड धामणीचं मिळालं तर उत्तम, ते लवचीक असतं आणि झटका पचवतं. बाभळीचा दांडाही टिकतो. सागाचा नको, साग फर्निचरला कितीही भारी असला तरी झटक्याला चिरतो. दांड्यावर चकचकीत व्हार्निश असेल तर ते पॉलिश पेपरने काढा. घामट हातात ते घसरतं आणि फोडही आणतं.

डोकं दांड्यावर घट्ट आहे का ते हाताने नव्हे, दांड्याचं खालचं टोक जमिनीवर आपटून बघा. हललं तर पाचर सैल आहे. गावोगाव यावर एक उपाय करतात, कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवायची. सकाळी ती खरंच घट्ट होते. पण फुगलेलं लाकूड लोखंडात दाबलं जाऊन चेपतं आणि वाळलं की आधीपेक्षा जास्त सैल होतं. त्यापेक्षा पाचर आणखी ठोका किंवा डोक्याचा भाग दोन दिवस जवसाच्या तेलात उभा ठेवा. तेल पुसलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि चुरगाळलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती उघडी पसरून वाळवा.

तुंब्याने, म्हणजे कुऱ्हाडीच्या डोक्याच्या मागच्या बोथट बाजूने, तंबूच्या खुंट्या ठोकायला हरकत नाही. पण तुंब्यावर दुसऱ्या कुऱ्हाडीने किंवा घणाने कधीही मारू नका. तुंब्याची कड पसरते आणि पोलादाच्या कपच्या उडतात, त्या डोळ्यात जातात.

पायरी ६: पहिली धार

नवीन कोयता आणि कुऱ्हाड बहुतेक वेळा पूर्ण धार लावलेली नसतात. हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा, एक खरखरीत आणि एक बारीक, कार्बोरंडमचा दगड मिळतो. चाकूला त्याशिवाय १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा) पाण्याचा दगड असला तर छान. कोयत्या-कुऱ्हाडीला आठ किंवा दहा इंची सपाट कानस लागते.

चाकूचा कोन प्रत्येक बाजूला सुमारे २० अंश ठेवा. मोजायला साधन नको. चौकोनी कागदाचा कोपरा ९० अंशांचा असतो; तो एकदा दुमडला की ४५, पुन्हा दुमडला की साडेबावीस. ती घडी दगडावर ठेवून पातं तिच्यापेक्षा किंचित खाली धरलं की झालं. धार पुढे ठेवून, दगडावरून पातळ काप काढतोय अशा रीतीने पातं मुठीपासून टोकापर्यंत ओढत न्या. एकाच बाजूने दहा-पंधरा हात मारल्यावर दुसऱ्या बाजूला बोट पाठीकडून धारेकडे, धारेच्या बाहेर हलकेच फिरवा. बारीक खरखरीत ओठ जाणवला पाहिजे. तो पूर्ण लांबीभर येईपर्यंत बाजू बदलायची नाही. बहुतेकांची धार लागत नाही ती याच कारणाने: ओठ यायच्या आधीच बाजू बदलली जाते आणि धारेपर्यंत दगड पोहोचतच नाही. ओठ आला की दुसरी बाजू, मग बारीक दगड आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाठीच्या दिशेने दहा-वीस वेळा. पिकलेला टोमॅटो न दाबता कापला गेला तर काम झालं.

कोयता आणि कुऱ्हाड यांना २५ ते ३० अंश. त्याहून बारीक केलीत तर गाठीवर कपची उडेल. कोयता किंवा कुऱ्हाडीचं डोकं पक्कं बांधून, जाड हातमोजे घालून कानस एकाच दिशेने ढकला आणि परत येताना उचला. मागेपुढे घासली तर कानसेचे दाते मरतात. सायकलच्या चाकावर धार लावणाऱ्याकडे दिलंत तर दर काही सेकंदांनी पातं पाण्यात बुडवायला सांगा. हात लावता येत नाही इतकं तापलं की थांबायचं.

पायरी ७: वापरताना

चाकू उघडण्याआधी हात लांब करून स्वतःभोवती एक फेरी घ्या. कुणाला हात लागला तर तिथे काम करायचं नाही. बसून तासताना लाकूड दोन मांड्यांच्या मध्ये धरू नका. मांडीच्या आतल्या बाजूला मोठी रक्तवाहिनी असते. कोपर गुडघ्यावर टेकवा आणि काम गुडघ्यांच्या पुढे ठेवा.

हातकुऱ्हाड गुडघे टेकून चालवा, समोर गुडघाभर उंचीचा ओंडका ठेवा. लाकूड त्याच्या लांबच्या कडेला ठेवायचं, म्हणजे घाव चुकला तरी ओंडक्यातच रुततो. बारीक लाकूड हाताने उभं धरून फोडू नका. धार लाकडावर टेकवा, कुऱ्हाड आणि लाकूड एकत्र उचला आणि दोन्ही एकत्र ओंडक्यावर आणा. धार थोडी रुतली की मनगट वळवा, लाकूड फाटतं. कोयत्याने फांदी तोडताना आडवा घाव घालू नका. ४५ अंशांचा तिरका घाव निम्म्या ताकदीत आरपार जातो, आडवा उसळून परत येतो.

पायरी ८: नेणं आणि ठेवणं

शस्त्र नियम, २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांत धरली आहेत. घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. म्हणून शेताचा कोयता शेतात ठीक. पण शहरातल्या रस्त्यावर, रात्री, दुचाकीच्या सीटखाली सापडलेला तोच कोयता शेतीचा आहे हे पटवणं कठीण. पुण्यात कोयत्याने झालेल्या गुन्ह्यांनंतर विक्रेत्याने आधार कार्ड मागितलं तर वाद घालू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली सण, निवडणुका, मोर्चे यांच्या काळात हत्यार बाळगण्यावर मनाई आदेश निघतात आणि त्यात चाकूही येतो. निघण्याआधी त्या जिल्ह्यातली बातमी बघा. हत्यार कपड्यात गुंडाळून सॅकच्या तळाशी, सॅक डिकीत. मेट्रोत नेऊ नका, विमानात फक्त चेक-इन सामानात.

घरी आल्यावर धुवा, पुसा, अर्धा तास उन्हात ठेवा. भाजीच्या चाकूला खोबरेल तेलाचा हात, कोयत्या-कुऱ्हाडीला शिलाई मशीनचं तेल. पावसाळ्यात चामडी म्यानात ठेवून देऊ नका. चामडं ओल धरतं आणि त्यातल्या कमावणीच्या रसायनांनी पात्यावर गंजाचे ठिपके पडतात. म्यान वेगळं टांगा आणि पातं वर्तमानपत्रात गुंडाळून, मुलांचा हात पोचणार नाही अशा कपाटात.